नाम आधी, विशेषण नंतर

‘की, डब्ल्यू. टी., ८ अँप., नं. २, मार्क २.’

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्कराच्या एका छोट्या मोर्स कळीवर कोरलेली ही ओळ. तळहातावर मावेल एवढी ती वस्तू. या ओळीला कर्ता नाही, क्रियापद नाही, नुसते स्वल्पविराम. तरीही मला ती पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. जुनी लष्करी गाडी पुन्हा उभी करून तिच्यात त्या काळचा रेडिओ बसवायला निघालेल्या माणसाला पहिल्यांदा अशीच ओळ भेटते. ती वाचता आली नाही तर पुढचा शोध फुकट जातो.

आपण बोलताना म्हणू, ‘आठ अँपियरची, बिनतारी संदेशाची, दोन नंबरची कळ’. वस्तूचं नाव शेवटी येतं. लष्करी भांडाराने हा क्रम उलटा केला. आधी नाम, मग विशेषणं. ही रीत आपल्याला अनोळखी मात्र नाही. वाण्याची यादी अशीच असते: ‘तांदूळ, आंबेमोहोर, जुना, पाच किलो’. पहिल्या शब्दाला वाणी तांदळाच्या पोत्यांकडे वळतो, दुसऱ्याला नेमक्या पोत्यापाशी थांबतो, तिसऱ्याला आत हात घालतो. भांडारातल्या माणसाची पावलं कुठून कुठे पडावीत, ते या वाक्यरचनेत ठरलेलं आहे. प्रत्येक स्वल्पविरामाला शोधाचं वर्तुळ लहान होत जातं.

आता एकेक शब्द पाहू. ‘डब्ल्यू. टी.’ म्हणजे वायरलेस टेलिग्राफी, बिनतारी तारायंत्र. रेडिओवर माणूस बोलू लागला तरी भांडाराच्या भाषेत कडकट्ट टिकून राहिलं. ‘८ अँप.’ ही कळीच्या स्पर्शबिंदूंची ताकद. गाडीतल्या रेडिओला एवढ्या ताकदीची गरजच नव्हती, पण एकच कळ अनेक ठिकाणी चालावी म्हणून ती दणकट केलेली. ‘नं. २’ हा घराण्यातला क्रमांक आणि ‘मार्क २’ ही सुधारून काढलेली आवृत्ती. कधी मार्कच्या आकड्याला एक छोटी चांदणी चिकटते. ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीवर ‘मार्क ३’पुढे ती अनेकांनी पाहिली असेल. चांदणी म्हणजे तळटीप: आवृत्ती तीच, पण किंचित दुरुस्त. सुटा भाग मागवताना ही तळटीप सुटली, तर हाती आलेला भाग दिसायला हुबेहूब असतो आणि बसायला नकार देतो.

ही कळ ज्या रेडिओची सोबतीण, तो ‘वायरलेस सेट नं. १९’. केंब्रिजच्या पाय कंपनीने युद्धाच्या ऐन धामधुमीत त्याची रचना केली आणि १९४१पासून तो रणगाड्यांत, चिलखती गाड्यांत बसू लागला. त्याची दर्शनी पाटी ही तर एक अख्खी संहिता आहे. या एकाच पेटीत तीन आवाज नांदतात. ‘ए’ संच २ ते ८ मेगाहर्ट्झवर चालतो आणि मैलोगणती पोहोचतो. ‘बी’ संच सुमारे २३५ मेगाहर्ट्झवर, हातभर लांबीच्या अँटेनाने, जेमतेम शेजारच्या रणगाड्यापर्यंत. आणि ‘आय. सी.’ म्हणजे इंटरकॉम, गाडीच्या आतल्या माणसांपुरता. गाव, आळी आणि माजघर. रणगाड्याचा प्रमुख एका छोट्या पेटीवरची मूठ फिरवून या तीन वर्तुळांत ये-जा करत असे. चुकीच्या घरात मूठ राहिली, की माजघरातलं बोलणं गावभर.

पाटीवरचा मला सर्वात आवडलेला शब्द आहे ‘नेट’. आज त्याचा अर्थ बदलला आहे. तिथे तो एका खटक्याचं नाव आहे. हा खटका दाबून चालक आपली लहर मुख्य केंद्राच्या लहरीशी जुळवतो. कानात शिट्टी वाजते, बटण फिरवत गेलं की ती खाली खाली येते आणि एका क्षणी विरून जाते. तेव्हा लहरी जुळलेल्या असतात. तंबोरा लावताना दोन तारांमधली थरथर थांबते, तसाच हा क्षण. तीन अक्षरांच्या इंग्रजी शब्दामागे अशी सुरात येण्याची क्रिया दडलेली आहे, हे पाटी वाचूनच कळतं.

याच संचांपैकी अनेकांवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरंही आहेत. हे संच कॅनडा आणि अमेरिकेत बनले. कॅनडात नॉर्दर्न इलेक्ट्रिक, आरसीए व्हिक्टर आणि कॅनेडियन मार्कोनी यांनी ते केले. मित्रराष्ट्र म्हणून सोव्हिएत रशियाला रसद जात होती, तिच्यात हे रेडिओ होते. पण दोन्ही लिप्यांची पाटी असलेले कितीतरी संच रशियाला न जाता ब्रिटिश आणि कॅनेडियन फौजांच्या गाड्यांत बसले. केंटमधल्या किंवा टोरांटोतल्या एखाद्या जवानाने न कळणाऱ्या अक्षरांखाली बोट ठेवून बटण फिरवलं असेल. पुढे हेच मित्र शीतयुद्धात एकमेकांसमोर उभे राहिले. पाटीवर मात्र दोन्ही भाषा एका बटणापाशी शेजारी शेजारी राहिल्या. ‘रशियन’ पाटी दिसली म्हणून ती उतरवून ‘शुद्ध’ इंग्रजी पाटी शोधणारा हौशी माणूस, माझ्या मते, संहितेतली सर्वात बोलकी ओळच खोडतो.

भाग शोधताना खरी कसोटी लागते ती व्हॉल्व्हपाशी, म्हणजे रेडिओतल्या निर्वात नळीपाशी. एकाच व्हॉल्व्हला इथे गावोगावच्या देवासारखी वेगवेगळी नावं आहेत. बी संचातला ईएफ ५० घ्या. कारखान्याच्या भाषेत तो ईएफ ५०, लष्कराच्या यादीत एआरपी ३५, हवाई दलाच्या यादीत व्हीआर ९१, आणि पुढे तिन्ही दलांनी मिळून एकच क्रमवारी केली तिच्यात सीव्ही १०९१. एका नावाने शोधणाऱ्याला ‘मिळत नाही’ हे उत्तर मिळतं, चारही नावं ठाऊक असलेल्याला तोच व्हॉल्व्ह चौथ्या डब्यात सापडतो. या नामावळीमागे एक थरारही आहे. हा व्हॉल्व्ह हॉलंडच्या फिलिप्सचा. मे १९४०मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरण्याच्या अगदी तोंडावर त्याचा मोठा साठा इंग्लंडला पोहोचता झाला. तो चुकला असता तर ब्रिटनच्या रडारचं काम अडलं असतं.

प्रत्येक जुन्या संहितेत गाळलेल्या जागा असतात, तशा इथेही आहेत. युद्ध संपल्यावर हे संच लष्करी मोडीत स्वस्तात विकले गेले आणि हौशी रेडिओवाल्यांच्या हाती पडले. त्यांच्या ८० आणि ४० मीटरच्या पट्ट्या ए संचाच्या आवाक्यात येत होत्या. २३५ मेगाहर्ट्झचा बी संच त्यांच्या उपयोगाचा नव्हता. मग कित्येकांनी तो उपसून काढला, मोकळ्या जागेत आपल्या सोयीचं काही बसवलं, पाटीला नवी भोकं पाडली. आज गाडी पूर्ववत करणाऱ्याला हवा असतो नेमका तो बी संच. ज्यांनी कापलं त्यांना मी नावं ठेवणार नाही. तुटपुंज्या पगारात जगाशी बोलण्याची त्यांची ती धडपड होती. ती भोकं म्हणजे नंतरच्या वाचकाने समासात केलेल्या खुणा आहेत.

सुट्या भागांत सर्वात आधी मरतं ते रबर. वीज आणि आवाज वाहणाऱ्या ६ आणि १२ टोकांच्या केबलचं आवरण कडक होतं, तडकतं, हात लावताच झडतं. त्यामुळे जाणकार माणूस आधी दोन्ही टोकांचे धातूचे प्लग मिळवतो, तार नवी ओढतो. जुने कागदी कॅपॅसिटर गळके होतात, आणि आत पाचशे व्होल्टच्या घरातली वीज खेळत असताना ते तसेच ठेवणं जिवाशी खेळ. यावर कारागिरांनी काढलेली तोड सुंदर आहे: जुन्या कॅपॅसिटरचं कवच अलगद पोकळ करायचं, आत आजचा छोटा कॅपॅसिटर बसवायचा आणि तोंड पुन्हा मेणाने बंद करायचं. बाहेरून १९४३, आतून आज. काहींना ही लबाडी वाटते. मला ती चांगल्या भाषांतरासारखी वाटते. आतला मजकूर नव्याने घडवलेला, पण मूळ ओळीची लांबी आणि वळण राखलेलं.

या भाषेवर एक आक्षेप घ्यायला हवा. तिच्यात माणूस दिसत नाही. ‘की’, ‘केबल’, ‘व्हॉल्व्ह’ आहेत. हात, कान, मांडी नाहीत. पण वस्तू हातात घेतली की नावातून गळलेलं माणूसपण आकारात सापडतं. त्या मोर्स कळीला एक वाकडी पकड आहे. हलत्या गाडीत टेबल कुठून आणणार? म्हणून कळ मांडीवर अडकवायची. हेडफोनच्या तारेच्या टोकाला हिसका दिला की सुटणारा प्लग आहे, कारण पेटत्या रणगाड्यातून उडी मारताना तार सोडवत बसायला वेळ नसतो. त्या प्लगचं लष्करी नावच ‘स्नॅच’ आहे. कोरड्या यादीत अचानक एक क्रियापद धावत आलं आहे, जीव वाचवायला.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात आपण तोफा आणि साखळपट्टे पाहून मुलांचे फोटो काढतो. या लोखंडाच्या पोटात कधीकाळी तीन वर्तुळांचं बोलणं चाले, हे सहसा मनात येत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत ‘जुना मिलिटरी रेडिओ आहे का?’ असं विचारलं तर समोरचा मान हलवेल. हातात ती ओळ घेऊन गेलात तर निदान तो डबा उघडून पाहील.

म्हणून वाचकांना एकच विनंती. आजोबांच्या माळ्यावर किंवा भंगाराच्या ढिगात काळवंडलेली अशी एखादी पेटी दिसली, तर लगेच घासू नका, रंगवू नका आणि वीज तर मुळीच जोडू नका. आधी फडक्याने पाटीवरची धूळ पुसा. तिथे जे काही कोरलेलं असेल ते आकड्यांसह, चांदणीसह, स्वल्पविरामांसह जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या.