गवय पाहिला, पण गाय? : डिजिटल बास अ‍ॅम्प्लिफायर आणि आपला कान

(युसूफ वडगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

बोलायला लागण्याआधी एक मिनिट सगळे गप्प बसा आणि ऐका. येतंय ऐकू? माझ्या शेजारच्या या काळ्या पेटीतून बारीक गुणगुण येतेय. तिच्याकडे आपण नंतर येऊ.

ही पेटी माझ्या पुतण्याच्या मुलाची. केज, धारूर, अंबाजोगाई या टापूत हळदीचे, गणपतीचे कार्यक्रम करणारा एक छोटा वाद्यवृंद आहे, त्यात तो बास गिटार वाजवतो. पेटी हप्त्यांवर घेतलीय. हप्ते अजून चालू आहेत, त्यामुळे टीका जरा जपूनच करतो. (हशा)

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलंत, प्लेटो शिकवलात, तुम्हाला अ‍ॅम्प्लिफायरमधलं काय कळतं? खरं आहे. पण हा पोरगा एका रात्री दीड वाजता कार्यक्रमावरून परतला आणि ओट्यावर बसून मला म्हणाला, "नाना, मशीन तर भारी हाय. माझाच कान खोटा दिसतोय." त्या वाक्यानं मी अस्वस्थ झालो. यंत्र खरं आणि कान खोटा, हा निकाल कुणी दिला? कोणत्या प्रमाणानं दिला? हा माझ्याच विषयातला प्रश्न निघाला, म्हणून आज इथं उभा आहे.

आधी पेटी म्हणजे काय ते थोडक्यात. बास गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा. इतका खालचा सूर मोठा करायला ताकद लागते, म्हणून बासला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर. अमेरिकेत एव्हरेट हल या माणसानं उभ्या बासच्या तळाच्या खुंटीत माइक बसवला. इंग्रजीत खुंटीला पेग म्हणतात, त्यावरून कंपनीचं नाव पडलं अ‍ॅम्पेग. लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्यानं १९५१ साली प्रिसिजन बास काढली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बासमन अ‍ॅम्प्लिफायर. १९६९ साली अ‍ॅम्पेगनं एसव्हीटी काढला : ३०० वॉट, १४ व्हॉल्व्ह, नुसतं डोकंच चाळीस किलोच्या आसपास, आणि त्याखाली दहा-दहा इंची आठ स्पीकरांचं कपाट. आमच्या पिढीनं व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिलाय. बटण फिरवलं की लगेच बोलायचा नाही, आधी तापायचा. तो तापट स्वभाव आणि तो उबदार आवाज, दोन्ही त्या काचेच्या नळ्यांचे.

आता या नळ्या, हे कपाट, त्यापुढचा स्टुडिओतला माइक, या सगळ्यांचं वागणं गणितात मांडायचं आणि एका चिपला ते वागणं करून दाखवायला सांगायचं, याला म्हणतात मॉडेलिंग. रोलँडनं १९९५ साली व्हीजी-८ नावाचं यंत्र आणलं, १९९८ साली लाइन सिक्स कंपनीचा पॉड आला, आणि मग ही विद्या पसरतच गेली. आज या पेटीत असे डझनावारी अ‍ॅम्प्लिफायर आहेत. बटण फिरवा, एसव्हीटीसारखा. आणखी फिरवा, बासमनसारखा.

हा जो 'सारखा' शब्द आहे ना, तिथं मला पहिली हरकत आहे.

न्यायदर्शनात उपमान नावाचं प्रमाण आहे. उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. शहरातल्या माणसाला रानातला माणूस सांगतो, गवय नावाचा प्राणी गाईसारखा असतो. हा रानात जातो, गाईसारखं जनावर पाहतो, ते वाक्य आठवतं आणि म्हणतो, हा गवय. आता यात अट कोणती? त्यानं गाय पाहिलेली असली पाहिजे. आमच्या पोरानं गाय पाहिलेलीच नाही! एसव्हीटी त्यानं कधी डोळ्यांनी पाहिला नाही, समोर उभं राहून ऐकला नाही. त्याला सगळे गवयच दाखवले, आणि प्रत्येकाखाली लिहिलंय, गाईसारखा. आणि गंमत पुढंच आहे. दुसऱ्या कंपनीचं नाव छापायची पंचाईत असते, म्हणून या यंत्रांत बऱ्याचदा मूळ अ‍ॅम्प्लिफायरचं खरं नावही नसतं, एखादं टोपणनाव असतं. म्हणजे गाय पाहिलेली नाही आणि गाईचं नावही झाकलेलं. अशा वेळी 'हुबेहूब आहे' या वाक्याला अर्थ काय उरतो?

प्लेटो असता तर त्यानं पलंगाचं उदाहरण काढलं असतं : पलंगाची कल्पना, सुताराचा पलंग, चित्रकाराचा पलंग. त्यात मी शिरत नाही. कारण माझं म्हणणं प्लेटोच्या उलट आहे. नक्कल म्हणून ही पेटी हलकी ठरते असं मला वाटत नाही. नक्कल चालेल. चाळीस किलोचं डोकं टेम्पोत टाकून धारूरचा घाट कोण चढवणार, आणि त्यातली नळी फुटली तर बीड जिल्ह्यात कुठं मिळणार? ही पेटी पोरगा एका हातात घेऊन मोटरसायकलवर मागं बसतो. हा तिचा गुण मी शंभर टक्के मानतो. माझी तक्रार अशी की नक्कल कशाची करायची हे तिनं चुकीचं ठरवलंय.

जेम्स जेमर्सन हे नाव बास वाजवणारे कानाला हात लावून घेतात. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत त्यांचा बास बऱ्याचदा अ‍ॅम्प्लिफायर न लावता थेट मुद्रणाच्या टेबलात घेतला जायचा. म्हणजे ज्या आवाजासाठी लोक जीव टाकतात, त्यात मूळ पेटीच नाही. मग मूळ काय? बोट, तार, आणि बाजूच्या वादकांना ऐकणारा कान. आपल्याकडंही बघा. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ बास वाजवत. ती गाणी आपण ऐकली कशावर? मूठभर स्पीकरच्या ट्रान्झिस्टरवर! त्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा सूर निघणंच शक्य नाही. तरी बास कळत होता. कारण मूळ सुरावर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे उपसूर असतात, ते ऐकून कान खालचा सूर स्वतः उभा करतो. धूर दिसला, अग्नी आहे असं समजलो. हे तर शुद्ध अनुमान! आमच्या नैयायिकांना ट्रान्झिस्टर मिळाला असता तर पर्वतावरचा धूर त्यांनी सोडूनच दिला असता. (हशा)

आता त्या रात्रीकडे येतो. हळदीचा कार्यक्रम, मोकळं मैदान, वर पत्रा. पोरानं आठवडाभर रात्री घरात हेडफोन लावून, घरचे झोपलेत म्हणून बारीक आवाजात, एक सेटिंग बनवलं होतं. त्याला तो प्रीसेट म्हणतो. घरी ऐकलं तर लोण्यासारखं. मैदानात लावलं आणि नुसता गडगडाट. घुमतंय, पण कोणता सूर आहे ते कळेना. ढोलकीची डावी बाजू त्यात बुडाली. गाणारी बाई वळून वळून बघायला लागली, तिला आधारच मिळेना. साउंडवाला ओरडतोय, बेस कमी कर. पब्लिक ओरडतंय, बेस वाढव.

असं का झालं? त्याचा कान खोटा होता म्हणून नव्हे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच दाखवून दिलंय की आवाज बारीक असला की माणसाच्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढला की ते इतर सुरांच्या मानानं जास्त वेगानं वर येतात. म्हणून घरी त्यानं खालचा सूर भरपूर वाढवला, मधला कापला. ते त्या आवाजाला बरोबरच होतं. मैदानात सगळा आवाज वाढला, तेव्हा तेच गणित उलटलं. आणि मधले सूर, ज्यांवरून कान अनुमान करतो, ते यानं आधीच कापलेले. धूरच काढून टाकला, मग अग्नी दिसणार कसा?

दुसरी चूक यंत्राच्या रचनेतली. या मॉडेलमध्ये स्पीकरच्या कपाटाची नक्कल धरलेली होती. ती हेडफोनला हवीच. पण तोच आवाज खऱ्या स्पीकरमधून काढला की कपाटातून पुन्हा कपाट! ती नक्कल बंद करायची सोय आहे, पण मेनूत चार पायऱ्या खाली. दुकानदारानं सांगितलं नव्हतं. त्याला ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

मला इथं आपला पखवाज आठवतो. भजनाला बसण्याआधी पखवाजी काय करतो? कणीक मळतो आणि डाव्या पुडीवर थापतो. कणकेचं वजन पडलं की सूर खाली उतरतो. किती लावायची? ते घरून मोजून आणत नाही. इथं बसून, या पेटीच्या सुराशी, या गाणाऱ्याच्या गळ्याशी लावून बघतो. थाप मारतो, चिमूटभर काढतो, पुन्हा मारतो. वैशाखातल्या दुपारी कणीक वाळते, सूर चढतो, मग दोन अभंगांच्या मध्ये बोट ओलं करून फिरवतो. भजन संपलं की खरवडून टाकतो. लक्षात घ्या, खरवडून टाकतो! काल पंढरपूरला छान लागलेली कणीक डब्यात भरून आज युसूफ वडगावला आणत नाही. प्रीसेट म्हणजे डब्यात भरून आणलेली कणीक. तिला नाव असतं, नंबर असतो, आणि ती वाळत नाही, म्हणून ती बदलायची असते हेच माणूस विसरतो.

आता उपकरणांबद्दल, कारण खर्च तिथंच जास्त होतो आणि पोरं तिथंच फसतात. पायानं दाबायचा फूटस्विच घ्यावा, वाजवताना हात मोकळे राहतात. त्यातच बहुधा सूर लावायची सोय असते, ती तर हवीच. पायानं हळूहळू दाबायचं एक्स्प्रेशन पेडल हळदीच्या कार्यक्रमाला कशाला लागतं हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. ब्लूटूथ सरावासाठी गाणं लावायला ठीक, पण स्वतःचं वाजवणं ब्लूटूथच्या हेडफोनवर ऐकू नका, आवाज इतका मागं पडतो की लय तुटते. पेटीच्या आतल्या चिपला लागणारा उशीर त्या मानानं काहीच नाही. आवाज हवेतून एका मिलिसेकंदाला साधारण एक फूट जातो, म्हणजे तीन मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्पीकरपासून तीन फूट लांब उभं राहणं. आणि वॉटच्या आकड्याला भुलू नका. ४०० चे ८०० वॉट केले तर फरक पडतो ३ डेसिबलचा, जेमतेम कळेल इतका. आवाज दुप्पट वाटायला ताकद सुमारे दहापट लागते.

आता ती गुणगुण. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. बासवरचा पांढरी पाचचा खालचा सूर आहे ४९ कंपनांचा. म्हणजे ही गुणगुण जवळजवळ पांढरी पाचच आहे, फक्त किंचित चढी. गावातली वीज स्वतः एक बेसूर षड्ज लावून बसलीय, आणि गाणं नेमकं पांढरी पाचमध्ये असलं की ती टोचते. हजारो रुपयांच्या मॉडेलनं ही जात नाही. कार्यालयाचं अर्थिंग नीट असेल तर जाते. मिक्सरला जोडायच्या जागी, डीआय म्हणतात ती, तिथं बहुतेक पेट्यांवर एक छोटं बटण असतं, ग्राउंड लिफ्ट. ते दाबून बघा. पण वीज येणाऱ्या तारेची अर्थिंगची पिन तोडू नका. मी एका ठिकाणी तोडलेली पाहिलीय. गुणगुण गेली होती, आणि माणूसही गेला असता.

मुद्द्यावर येतो. ज्ञान खरं आहे हे कशावरून कळतं? मीमांसक म्हणतात, ज्ञानाचं प्रामाण्य त्याच्यातच असतं. नैयायिक म्हणतात, नाही, ते बाहेरून ठरतं, प्रवृत्तीला यश आलं की ठरतं. लांबून पाणी दिसलं. ते पाणी की मृगजळ? जाऊन प्या, तहान भागली तर पाणी. हे यंत्र मीमांसकासारखं वागतं : पडद्यावर लिहिलंय म्हणजे तो आवाज तसाच. परदेशातल्या कुठल्या तरी स्टुडिओत कुणा जाणत्या कानानं तो ठरवलाय, मी त्याचा अपमान करत नाही. पण त्यानं आपला पत्रा ऐकलेला नाही. ४१ कंपनांची लाट आठ मीटरहून लांब असते. लहान हॉलमध्ये ती एका कोपऱ्यात दुप्पट होते आणि चार पावलांवर गायब होते. उघड्या मैदानात भिंतीच नाहीत, ती निघूनच जाते. इथं पाणी की मृगजळ ते इथंच पिऊन ठरवावं लागतं.

आणि मला राग येतो तो याचा, की पिऊन पाहणाऱ्यालाच आपण खोटं ठरवलं. त्या रात्री त्या मुलाला पहिल्या गाण्यातच कळलं होतं की घुमतंय. बटण त्याच्या हाताशी होतं. त्यानं फिरवलं नाही. मी विचारलं, का रे? म्हणाला, "नाना, कंपनीच्याच आवाजावरून बनवलेला व्हता. म्या कोण बदलणार?" दोन एकरांतल्या सोयाबीनच्या पैशातून पेटीचा पहिला हप्ता गेलाय. पेटीबरोबर त्यानं कान गहाण टाकला, त्याचा हप्ता कुणी लिहून घेतला नाही.

हां, तुम्ही विचारताय, मग घ्यावी का पेटी? (श्रोत्यांमधून प्रश्न) भजनी मंडळाला म्हणताय? मंडळाला नको. तुमच्याकडं पखवाज आहे, कणीक आहे. वाद्यवृंदाला घ्या. पण पेटी आणली की पहिल्या दिवशी सगळी मॉडेलं बंद करा. साधा आवाज ठेवा, आणि ढोलकीवाला, गाणारी, सगळ्यांना घेऊन वाजवा. काय कमी पडतंय ते आधी तोंडानं सांगता आलं पाहिजे. मग यंत्रात शोधा, बहुतेक सापडेल.

आता मी खाली बसतो, पोरगा वाजवणार आहे. आधी तो त्या रात्रीचा प्रीसेट लावेल, मग इथं दुपारी आम्ही दोघांनी लावलेला. कोणता कधी ते सांगणार नाही. तुम्ही सगळे पुढं बसू नका. दहा-बारा जण मागच्या खांबापाशी जा, दोघं-तिघं बाहेर रस्त्यावर उभे राहा, आणि पखवाजीबुवा, तुम्ही डोळे मिटून इथंच बसा. कुठं सूर कळला आणि कुठं नुसतं घुमलं, ते त्याला येऊन सांगा. मला नको, त्याला सांगा.