फलकावरचे आकडे आणि विमानाचा आकडा

शिरूर-दौंड भागातून शाळेची सहल गोव्याला निघाली की समुद्रकिनारा, देवळे आणि चर्च ही यादी ठरलेली असते. तिच्यात दाबोळी विमानतळाजवळच्या, बोगमाळो रस्त्यावरील नौदलाच्या विमान संग्रहालयाची भर जरूर घालावी. ते १९९८ साली सुरू झाले. मात्र तेथे काय पाहायचे हे आपण शिक्षकांनी आधी ठरवले नाही, तर मुले फलकांवरचे आकडे वहीत उतरवून घेतात आणि बसमध्ये येऊन बसतात.

खरे तर विमानांचे आकारच बोलके आहेत. १९५३ साली नौदलात आलेले पहिले विमान ‘सीलँड’ पाहा. पोट होडीसारखे, पण पंख आणि इंजिने वर. का? पाण्यावर उतरताना उसळणाऱ्या पाण्यापासून इंजिनांचे पंखे वाचावेत म्हणून. ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ला शेपटीवर तीन उभी पाती आहेत. एकच पाते पुरेसे मोठे केले असते, तर विमान फार उंच होऊन हँगरमध्ये शिरले नसते. प्रत्येक आकारामागे एक अडचण दडलेली असते. ती मुलांनाच शोधू द्यावी.

‘सी हॉक’पाशी जरा जास्त थांबावे. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उडून या जेट विमानांनी डिसेंबर १९७१ मध्ये चितगाव व कॉक्स बाजारवर हल्ले केले. नौकेवर जागा कमी, म्हणून पंख दुमडणारे. आणि शेपटीखाली एक आकडा! डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात तो अडके आणि विमान थांबे.

समजा, विमानाचा वेग ताशी १८० किमी, म्हणजे सेकंदाला ५० मीटर आहे. ७५ मीटरमध्ये थांबायचे, तर वेळ मिळतो फक्त ३ सेकंद, आणि ऋण त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे १.७ पट येते. नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवून ऋण त्वरण २ मी./से.² धरले, तर ६२५ मीटर लागतील. विक्रांतची सगळी लांबी सुमारे २१० मीटर!

पण संग्रहालयाची मर्यादा येथेच जाणवते. आकडा आहे, दोर नाही. विमान आहे, डेक नाही. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ मध्ये मोडीत निघाली. आता तो डेक मुलांना कोठेही पाहायला मिळणार नाही.

म्हणून सहलीआधीच गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर दोरीने २१० मीटर मोजून दोन्ही टोकांना खुणा करा. मुलांना एका टोकाकडून दुसरीकडे चालत जाऊ द्या. मग गोव्यात तो आकडा दिसताच फलक वाचण्याआधी मुलेच प्रश्न विचारू लागतील.