विभाजन थांबवले की कर्करोग थांबतो?

दहावीच्या वर्गात पेशीविभाजन शिकवून झाले की आपण सगळेच एक वाक्य मुलांना उतरवून देतो : कर्करोग म्हणजे पेशींचे अनियंत्रित विभाजन. वाक्य खोटे नाही. पण त्यावरून चुणचुणीत मुले लगेच पुढचे अनुमान काढतात, की मग विभाजनच बंद पाडले म्हणजे रोग बरा. वर्तमानपत्रांतल्या 'कर्करोगावर रामबाण' छापाच्या बातम्यांमागेही बहुधा हेच अनुमान असते. ते कुठवर टिकते, हे यकृताच्या कर्करोगाच्या उदाहरणावरून आम्ही पाहणार आहोत.

पुस्तकात पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशा आकृत्या ओळीने येतात. हे सारे घडवून कोण आणते, ते आकृतीत दिसत नाही. ते काम प्रथिनांचे. सायक्लिन नावाची प्रथिने पेशीत ठरावीक वेळी साठतात आणि ठरावीक वेळी नष्ट होतात. ती ज्या विकरांना जोडली जाऊन कामाला लावतात, त्यांना सीडीके म्हणतात. या शोधांबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सीडीके अडवले तर विभाजन अडेल, या विचाराने औषधांचा शोध त्याआधीच सुरू झाला होता, आणि त्यातला पहिला महत्त्वाचा धागा निघाला तो मुंबईत.

मुलुंडला होएक्स्ट कंपनीची संशोधनशाळा होती. तेथील रसायनशास्त्रज्ञांनी डिसॉक्सिलम बायनेक्टॅरिफेरम या झाडापासून रोहितुकीन हा पदार्थ मिळवला आणि १९८८ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांना त्यात रस होता तो दाह कमी करणारा पदार्थ म्हणून! रोहितुकीनच्या रचनेवरून पुढे फ्लेवोपिरिडॉल तयार झाला. तो सीडीके अडवतो असे आढळले, आणि माणसांवर चाचणी झालेला तो अशा प्रकारचा पहिलाच रेणू ठरला. पेशीविभाजनाच्या पाठाशेजारी ही हकिगत चौकटीत छापावी इतक्या योग्यतेची आहे. मात्र ती शेवटपर्यंत छापावी. कारण यकृताच्या प्रगत कर्करोगात इरिनोटेकॅन या औषधापाठोपाठ फ्लेवोपिरिडॉल देऊन पाहिले गेले, आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की गुण नाही, त्रास मात्र पुष्कळ.

असे का व्हावे? विभाजन ही काही कर्कपेशींची मक्तेदारी नव्हे. अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर रोज विभाजनावरच जगतात. शिवाय फ्लेवोपिरिडॉल एकच सीडीके अडवत नाही, अनेक अडवतो, आणि त्यांतले काही तर विभाजनाचे नव्हे, जनुकांवरून आरएनए उतरवून घेण्याचे काम करतात. कुलूप एक आणि किल्ली मात्र साऱ्या वाड्याची, अशी ही गत.

इथे यकृताचा स्वभाव ध्यानात घ्यायला हवा. प्रौढ यकृतातील पेशी सहसा विभाजित होत नाहीत. पण उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला, तर आठ-दहा दिवसांत ते जवळजवळ पूर्वीच्या वजनाला येते. मग विभाजन अडवले तर ही भरपाईही अडेल ना? २०१२ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांच्या यकृतातून सीडीके-१ काढून टाकले. यकृत तरीही भरून आले, कारण पेशी दोन होण्याऐवजी आकारानेच मोठ्या झाल्या. कर्करोग घडवणारी जनुके घालूनही त्या यकृतात गाठी मात्र झाल्या नाहीत. २०१८ मध्ये अमेरिकेतील डॅलसच्या संशोधकांनी अ‍ॅनिलिन हे प्रथिन निवडले. प्राणिपेशी दुभंगताना मधोमध जी खाच पडते, तिच्यासाठी ते लागते. ते कमी केल्यावर उंदरांत गाठी कमी झाल्या आणि यकृताची भरपाई मात्र नीट झाली. यकृतपेशीत दोन केंद्रके असणे ही नेहमीचीच गोष्ट आहे. खाच पडली नाही म्हणून तिचे काही अडत नाही. कर्कपेशीचे अडते.

फ्लेवोपिरिडॉलच्या प्रयोगापेक्षा ही कल्पना आम्हाला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. ती त्या अवयवाची खोड ओळखून पुढे जाते. तरीही आमचे दोन आक्षेप आहेत. गुणसूत्रांचे जादा संच असलेल्या पेशी उंदराच्या यकृतात फार असतात, माणसात बऱ्याच कमी. आणि रुग्णाचे यकृत पुष्कळदा आधीच सिऱ्होसिसने वणांनी भरलेले असते. प्रयोगातल्या उंदराचे तसे नसते. यकृताच्या कर्करोगात वापरात आलेले सोराफेनिब रक्तवाहिन्यांची वाढ आणि पेशीला मिळणारे संदेश अडवते, खाच नव्हे. उंदरावरच्या निष्कर्षाला 'उपचार सापडला' असा मथळा देणाऱ्यांनी हे अंतर वाचकाला सांगितले पाहिजे.

आता हा प्रश्न आम्ही धर्माबादच्या मोंढ्यावर आणतो. मिरची किंवा भुईमुगाच्या शेंगा ओलसर राहिल्या की त्यांवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढू शकते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. पी-५३ हे प्रथिन विभाजनाला लगाम घालते. अफ्लाटॉक्सिन त्याच्या जनुकातील एका ठरावीक जागी बदल घडवते, हे १९९१ मध्ये चीन आणि दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांच्या गाठींवरून दिसून आले. सोबत हेपटायटिस-बी चा संसर्ग असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो. मिरची आपण चिमटीने खातो, शेंगदाणे मुठीने. म्हणून पोत्यातले काळपट, कुबट दाणे निवडून टाकायचे, ते गुरांनाही घालायचे नाहीत. हेपटायटिस-बी ची लस २०११ पासून देशभर बालकांच्या मोफत लसीकरणात आहे, आणि तिची पहिली मात्रा जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायची असते.