दोन चित्रांतला अरल समुद्र

अरल समुद्राची जोडचित्रे बहुतेक शिक्षकांच्या पाहण्यात असतील. डावीकडे 1989 सालचे उपग्रह छायाचित्र, उजवीकडे 2014 सालचे. पहिल्यात भरलेले सरोवर, दुसऱ्यात काठाला उरलेली पाण्याची पट्टी. चित्रे परिणामकारक आहेत यात शंका नाही. परंतु शिकवण्याचे साधन म्हणून ती आम्हाला अपुरी आणि काही अंशी फसवी वाटतात.

मुळात ‘आधीचे’ चित्र आधीचे नाहीच. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी कापसासाठी कालव्यांत वळवल्याने अरल आटू लागला तो 1960 नंतर. तेव्हा त्याची पातळी समुद्रसपाटीपासून 53 मीटर होती. 1989 पर्यंत ती 13-14 मीटर उतरली होती आणि सरोवराचे दोन तुकडेही झाले होते.

दुसऱ्या चित्राचीही तीच गत. 2014 साली पूर्वेकडचा भाग पार कोरडा पडला खरा. पण त्या वर्षी नद्यांच्या उगमाकडे, पामीरच्या डोंगरांत, बर्फ आणि पाऊस कमी झाला होता. 2010 साली याच भागात पाणी परतले होते! मग चित्रात दिसते ते अवर्षण की कालव्यांचा परिणाम? दोन चित्रांवरून हे ठरवताच येत नाही.

शिवाय चित्रात पाण्याचा पसारा दिसतो, पातळी नव्हे. पूर्व भाग परातीसारखा उथळ, पश्चिम भाग तांब्यासारखा खोल. परातीतले पाणी बोटभर उतरले की तळ उघडा पडतो. तांब्यात तेवढेच उतरले तर वरून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

त्यापेक्षा फळ्यावर जमाखर्च मांडावा. 1960 च्या सुमारास अरलचे क्षेत्रफळ सुमारे 68,000 चौरस किलोमीटर होते आणि नद्या वर्षाला सुमारे 56 घन किलोमीटर पाणी आणत. भागाकार विद्यार्थ्यांनाच करू द्यावा: सरोवरभर सुमारे 82 सेंटिमीटरचा थर येतो. सरोवरावर थेट पडणारा पाऊस जेमतेम 10-12 सेंटिमीटर. बाष्पीभवनाचा खर्च मात्र मीटरभर. जमेतली मोठी रक्कम कोणती, हे मग सांगावे लागत नाही. एखाद्या वर्षी बर्फ कमी पडले तर ती रक्कम घटते आणि पुढे भरूनही निघते. कालवे मात्र ती दरवर्षी काढून घेतात. शेजारी 1960 पासूनच्या पातळीचा आलेख काढला, तर वर्षावर्षाची चढउतार आणि सततची घसरण वेगवेगळी दिसते.

2014 च्या चित्रात उत्तरेच्या कोपऱ्यात एक निळा ठिपका आहे. कझाकस्तानने 2005 साली तेथे कोकअरल धरण पुरे करून सिर दर्याचे पाणी अडवले आणि पातळी चढून 42 मीटरवर गेली. त्या ठिपक्यावर बोट ठेवणारा तक्ता आम्ही अजून पाहिलेला नाही.