सारे ठाऊक असलेला माणूस

जब्बार पटेलांचा 'सिंहासन' हा १९७९ सालचा चित्रपट मी नुकताच पुन्हा पाहिला, तो अंतरवाली सराटीत, ओसरीवर, शिकवणीच्या चार मुलांसमवेत. चित्रपट संपला तेव्हा एका पोराने विचारले, "गुरुजी, दिगूला सगळं ठाऊक होतं ना? मग त्यानं केलं काय?" मला चटकन उत्तर देता आले नाही.

अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी ही पटकथा रचली. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला श्रीराम लागूंचा अर्थमंत्री, आणि या साऱ्यांत वावरणारा वार्ताहर दिगू टिपणीस. वार्ताहर नायक म्हटला की गुपिताचा शोध आलाच, अशी आपली समजूत असते. १९७६ च्या 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' या अमेरिकन चित्रपटात दोन वार्ताहर धाग्याला धागा जोडीत जातात. प्रत्यक्षात त्या प्रकरणापायी १९७४ साली निक्सन यांना पद सोडावे लागले. आमच्या दिगूला एवढे खणावे लागत नाही. राजकारणी त्याच्यापाशी मोकळेपणाने बोलतात. त्याला कळले तरी आपले काही बिघडत नाही, हे ते जाणून असतात. सत्य दडपण्याचा हा प्रकार कुलूपकिल्लीपेक्षा भयंकर आहे, आणि तेंडुलकरांनी तो अचूक हेरला. निळू फुल्यांनी हे ओझे फारसे न बोलता, नुसत्या डोळ्यांनी वाहिले आहे.

तरी माझी एक तक्रार आहे. अखेरीस दिगूचे भान सुटते व तो वेड्यासारखा हसू लागतो. प्रसंग विलक्षण आहे. पण त्या हसण्याने प्रेक्षकाची सुटका होते. जाणता वेडा झाला, आता आपण घरी जावे!

आमच्या गावाला अशी सुटका नाही. १ सप्टेंबर २०२३ रोजी येथे मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. आंदोलक जखमी झाले, पोलीसही झाले. पुढे गृहमंत्र्यांनी क्षमा मागितली. कॅमेरे आले, तसे गेलेही. लाठीचा हुकूम कोणाचा, याची चर्चा पारावर मात्र राहिली. येथे जो तो थोडाफार दिगू आहे. पण वेडे होऊन कोणाला चालते? सकाळी उठून रानात जावे लागते.

तो प्रश्न खरे तर चित्रपटाने विचारायला हवा होता. विचारला तो एका पोराने. पण चित्रपट पाहिला नसता तर त्याला तो सुचला नसता, एवढे श्रेय मात्र मी 'सिंहासन'ला आनंदाने देतो.