‘पंच’ या पेयनामाची व्युत्पत्ती

‘पंच’ हे मिश्रपेयाचे इंग्रजी नाव पाच घटकांवरून पडले, असे जॉन फ्रायर याने १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात, गोव्यातील नेरुळच्या अरकाविषयी लिहिताना सांगितले. ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने (१८८६) रूढ मत म्हणून तेच नोंदविले व त्यात मराठी ‘पाच’चाही निर्देश केला. तथापि हे मत निर्विवाद नव्हे. १६३२ च्या एका इंग्रजी पत्रात हे नाव आढळते. त्या काळी त्यातील स्वराचा उच्चार ‘उ’कडे झुकणारा असल्याने ‘पाच’शी मेळ सहज बसत नाही. घटकही सर्वत्र पाचच नसत. कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्शांच्या नावांची साक्ष ताटातच मिळते. येथे मात्र संख्या मागाहून जुळविली गेली असण्याचा संभव उरतो. शब्द आपला ठरल्याचा आनंद हे व्युत्पत्तीचे प्रमाण होऊ शकत नाही.