वैद्यकीय प्रवेशाची पूर्वतयारी : अभ्यासक्रम की चाळणी?

डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याने त्याआधी काय शिकलेले असावे, हा प्रश्न जुना आहे. अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१० साली अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणावर अहवाल लिहिला. प्रवेशापूर्वी निदान दोन वर्षे महाविद्यालयात जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र झालेले असावे, असा आग्रह त्यांनी त्यात धरला होता. तिकडे आज बहुतेक विद्यार्थी पदवी घेऊनच वैद्यकाकडे वळतात. आपल्याकडे ही पूर्वतयारी एके काळी इंटर सायन्सच्या वर्गात होत असे. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आल्यावर ते काम अकरावी-बारावीकडे आले. त्यामुळे ही दोन वर्षे कशी आखावीत, याचे उत्तर कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकालाच द्यावे लागते.

प्रत्यक्षात हे उत्तर आज परीक्षाच देऊन टाकते. २०१७ पासून महाराष्ट्रातील एमबीबीएसचे प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतात. या परीक्षेचा नवा अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केला आणि तो २०२४ पासून लागू झाला. परीक्षेची व्याप्ती ठरवणारा कागद म्हणून त्याबद्दल आमची फारशी तक्रार नाही. पण तोच कागद दोन वर्षांच्या अध्यापनाचा आराखडा म्हणून वापरला जातो. त्या दृष्टीने तो कितपत पुरा पडतो, हे तपासायला हवे.

एनसीईआरटीने कोविडनंतर अभ्यासाचा भार हलका करण्यासाठी पुस्तकांतील काही प्रकरणे गाळली, आणि नीटच्या अभ्यासक्रमातूनही ती गेली. जीवशास्त्रातून गेलेली प्रकरणे अशी : वनस्पतींमधील वहन, खनिज पोषण, पचन व शोषण, अन्नोत्पादनवाढीचे उपाय आणि पर्यावरणाचे प्रश्न. भावी डॉक्टरांच्या परीक्षेत मानवी पचनसंस्थेचे प्रकरण नाही, ही गोष्ट थांबून विचार करण्याजोगी आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी पचनसंस्था शिकवतात हे खरे. पण मग श्वसन आणि रक्ताभिसरणही तेथे शिकवतातच. एक ठेवायचे आणि दुसरे गाळायचे, यामागे वैद्यकाचा विचार दिसत नाही. दुसऱ्या कारणासाठी कापलेल्या पुस्तकाच्या मापाने परीक्षा बेतली, एवढेच दिसते.

आपल्या राज्य मंडळाची पुस्तके येथे अधिक भरीव आहेत. अकरावीच्या २०१९ च्या पुस्तकात मानवी पोषणावर स्वतंत्र प्रकरण आहे. बारावीच्या २०२० च्या पुस्तकात वनस्पतींचा पाण्याशी संबंध, खनिज पोषण आणि अन्नोत्पादनवाढ हे विषय आहेत. मात्र “हे नीटला नाही” असे म्हणून नेमकी हीच पाने उलटली जातात.

या पानांचे मोल कळायला फार दूर जावे लागत नाही. भिवपुरीचे उदाहरण घेऊ. भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून १९२२ पासून वीजनिर्मिती होत आहे. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी मोठ्या नळांतून खाली येते आणि जनित्रे फिरवते. नळातील पाण्याची उंची जितकी जास्त, तितका तळाशी दाब जास्त. हाच नियम कर्जतच्या रुग्णालयातील सलाईनच्या बाटलीलाही लागू आहे. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका भरतो. हाताच्या शिरेतील दाब यापेक्षा कितीतरी कमी, म्हणून एक मीटर वर टांगलेल्या बाटलीतले सलाईन शिरेत उतरते. धमनीत मात्र हृदय आकुंचन पावताना दाब १२० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो तोलायला पाण्याचा सुमारे १.६ मीटर उंच स्तंभ लागेल. हे गणित ज्याने स्वतः मांडले, त्याला रक्तदाब म्हणजे नुसता पाठ करायचा आकडा राहत नाही.

भिवपुरीहून पुढचेच स्थानक कर्जत. तेथे कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन करणारे केंद्र आहे आणि ‘कर्जत’ हे नाव मिरवणाऱ्या भाताच्या जाती तेथेच तयार झाल्या. म्हणजे संकरातून नवे वाण कसे निघते, हे गाळलेले प्रकरण येथील मुलांना हाकेच्या अंतरावर पाहता येते. तालुक्यातील आदिवासी वाड्यांवर बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न आहे. त्या मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरचे पहिले पाऊल पोषण आणि शोषण यांच्या आकलनावरच पडते.

आता प्रयोगांकडे पाहू. नव्या अभ्यासक्रमात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्हींत प्रायोगिक कौशल्यांचा एकेक घटक आहे, ही त्याची चांगली बाजू. व्हर्नियर कॅलिपर, द्रवाची श्यानता, धातूची विशिष्ट उष्णता असे प्रयोग त्यात नेमके नोंदवले आहेत. परंतु परीक्षा पर्यायी उत्तरांची. २०२५ साली १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. इतक्या वेळात कॅलिपरचे चित्र वाचता येते. कॅलिपर हाताळता येतो की नाही, हे कळत नाही. बारावीच्या जीवशास्त्राला प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात, पण प्रवेशाच्या क्रमवारीत ते मोजले जात नाहीत. हजेरी महाविद्यालयात आणि शिक्षण क्लासमध्ये, अशी व्यवस्था जेथे रुळली आहे, तेथे प्रयोगवही बहुधा शेवटच्या आठवड्यात उतरवून काढली जाते.

वैद्यकात निरीक्षणाला काय किंमत असते, याचे मोठे उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडी येथील आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावताना पाहिली. रुग्णांची नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवून त्यांनी विषाचा हृदयावर होणारा परिणाम उलगडला. प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा त्यांनी केलेला उपयोग १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. स्वायत्त चेतासंस्थेची माहिती पुस्तकात असते. नोंद ठेवण्याची सवय मात्र प्रयोगशाळेत आणि शिवारातच लागते.

यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. विद्यार्थ्याला आधी प्रवेश तर मिळायला हवा! शिवाय सर्व राज्यांना एक परीक्षा झाल्याने अनेक परीक्षांची धावपळ थांबली, हेही खरे. पण आकड्यांकडे पाहावे. २०२५ साली २२ लाखांहून अधिक विद्यार्थी नीटला बसले. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. म्हणजे सतरा-अठरांमागे एकाला जागा. उरलेल्यांपैकी कोणी कृषी पदवीला जाईल, कोणी औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या किंवा बी.एस्‌सी.ला. त्यांना गाळलेली प्रकरणेही लागणार आहेत आणि हाताला वळणही. केवळ चाळणीच्या मापाने आखलेली दोन वर्षे या मुलांच्या पदरी काय टाकतात?

आमची सूचना साधी आहे. वर्षाचा आराखडा मंडळाच्या पुस्तकावर बेतावा आणि नीटचे घटक त्यात खुणा करून दाखवावेत, म्हणजे दोन्हींचा बराच मोठा सामाईक भाग एकदाच शिकवून होतो. मानवी पोषण रक्ताभिसरणाला जोडून घ्यावे, वनस्पतींमधील जलवहन द्रवाच्या दाबाला. आठवड्यातील प्रात्यक्षिकाचे तास कोणत्याही सराव चाचणीसाठी देऊ नयेत. विश्रांतीत आणि दोन मिनिटे उड्या मारल्यानंतर नाडीचे ठोके मोजून आलेख काढायला घड्याळाखेरीज काही लागत नाही. पावसाळ्यात एकदा वर्ग भातखाचरावर न्यावा.

चाळणी कोणत्या मापाची असावी, हे दिल्लीत ठरते. तिच्यात काय घालायचे, हे अजून शिक्षकाच्या हातात आहे.